भांडं परत येईपर्यंत

दुकानातलं जेवण घरी मागवायची जपानमधली जुनी पद्धत म्हणजे देमाए. दुकानात निरोप किंवा फोन गेला की थोड्या वेळात पोऱ्या दारात हजर, आणि त्याच्या हातातल्या पेटीत गरम सोब्याचे वाडगे. सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या लांब शेवया. सुशी, भाजलेली वाम, भातावर मांस-अंडं घातलेले मोठे वाडगे, रामेन, हे सगळंच असं घरी येतं. पण देमाए म्हटलं की जपानी माणसाच्या डोळ्यांपुढे आधी सोबावालाच उभा राहतो.

या सोबावाल्यावर मी मराठी मुलांसाठी एक चित्रपुस्तक करते आहे. मुलं सहा ते आठ वर्षांची, पानं बत्तीस, गाव टोकियो, साल १९५८. मी पुण्यात जपानी शिकवते. माझी मावशी आयुष्यभर महापालिकेच्या शाळेत पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळत आली. पानांचा कच्चा आराखडा मी तिच्यापुढे ठेवला आणि आमची जुंपली. दुसऱ्याचे कष्ट मुलांना कसे दाखवावेत याबद्दल आम्हा दोघींची मतं फार वेगळी आहेत. तिची बाजू मला पूर्ण मान्य नाही, पण ती बाजूला सारावी अशीही नाही. म्हणून ते बोलणं जसं झालं तसं देते.

मावशी: हे पहिलंच पान बघ. सायकलवर पोरगा, एका हातात हँडल, दुसऱ्या खांद्यावर ताटांची ही एवढी उतरंड. त्याच्या डोक्याच्या कितीतरी वर गेलीय. हे खरं आहे, की चित्र छान दिसावं म्हणून तू वाढवलंस?

मी: वाढवलेलं काही नाही. याची छायाचित्रं आहेत, युद्धाआधीची आणि नंतरचीही. थंड सोबा ज्यात वाढतात ती सेइरो म्हणजे चौकोनी लाकडी चौकट, तळाला बांबूची चटई. ती एकावर एक रचता येते. तिच्या जोडीला गरम सोब्याचे वाडगे, सोबा बुडवून खायचा जो रस असतो त्या त्सुयूच्या सुरया, छोटे पेले. सगळं एका मोठ्या तबकावर, तबक खांद्यावर, खालून तळहाताचा आधार. आणि असं घेऊन टोकियोच्या रहदारीतून सायकल हाकायची.

मावशी: पोरं टाळ्या वाजवतील.

मी: वाजवू देत की! पहिल्या पानावर टाळी पडली तर दुसरं पान उलटलं जातं.

मावशी: सर्कशीतही टाळ्या पडतात. खेळ संपल्यावर तारेवरची मुलगी कुठे राहते, काय खाते, हे तंबूतलं कुणी विचारत नाही. तुझ्या या मुलाचं वय काय?

मी: पंधरा.

मावशी: पंधरा! आणि हा शाळेत का नाही?

मी: त्याची शाळा संपली. १९४७पासून जपानमध्ये नववीपर्यंतचं शिक्षण सक्तीचं झालं, आणि त्याच वर्षीच्या कामगार कायद्यानं पंधरा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी आली. त्यामुळे नववी झाली की खेड्यातली पोरं थेट कामाला लागत. १९५४मध्ये आओमोरीहून अशा मुलामुलींची खास गाडी टोकियोच्या उएनो स्टेशनात आली. पुढे वीसेक वर्षं अशा गाड्या येत राहिल्या. ईशान्येकडच्या गरीब गावांतली पोरं, अंगावर शाळेचाच गणवेश, हातात एखादी बॅग. स्टेशनात दुकानदार आणि कारखानदार त्यांना न्यायला आलेले. कुणी गिरणीत जाई, कुणी किराणा दुकानात, कुणी सोब्याच्या दुकानात. बरीच पोरं मालकाच्याच घरी राहत, दुकानाच्या माडीवर.

मावशी: मग हे तुझ्या पुस्तकात कुठाय?

ते पुस्तकात नव्हतं आणि मी ते विचार करून बाहेर ठेवलं होतं. सहा वर्षांच्या मुलाला रात्री कुशीत घेऊन जे पुस्तक वाचायचं, त्यात आईबापांपासून तुटलेल्या मुलाची हकिकत पहिल्याच पानावर आली तर ते मूल सोब्याकडे बघणारच नाही. त्याला त्या मुलाची काळजी लागेल. काळजी लागावी हे मलाही हवं आहे, पण आधी ओळख तर होऊ दे. ज्याची ओळखच नाही त्याची फक्त कीव येते.

मावशी: तुझं म्हणणं कळलं. पण ओळख कशानं होते? या मुलाला तू एकदाही बोलू दिलेलं नाहीस. दुकानदार बोलतो, गिऱ्हाईक बोलतं, मांजरसुद्धा म्यांव करतं. हा मात्र सगळी पानं धावतोय आणि तोंडातून अवाक्षर नाही.

मी: चित्रात त्याचा वेग दिसायला हवा म्हणून...

मावशी: धावणाऱ्या माणसाला तोंड नसतं का?

इथे मला सुकेरोकु आठवलं. काबुकीतलं हे नाटक १७१३मध्ये दुसऱ्या इचिकावा दानज्युरोनं पहिल्यांदा रंगमंचावर आणलं आणि आजही त्याचे प्रयोग होतात. त्यात फुकुयामा नावाच्या दुकानाचा एक वाहक आहे, उदोन पोचवणारा. उदोन म्हणजे गव्हाच्या जाड शेवया. रस्त्यात त्याचा धक्का मोन्बेइ नावाच्या एका मगरूर माणसाला लागतो. मोन्बेइ त्याच्या अंगावर धावून जातो. पण हा पोरगा गयावया करत नाही. तो ठसक्यात उत्तर देतो, एदोच्या, म्हणजे जुन्या टोकियोच्या, रस्त्यावर वाढलेल्या माणसाच्या ऐटीत. मग नायक सुकेरोकु मध्ये पडतो आणि उदोनचा अख्खा वाडगा मोन्बेइच्या डोक्यावर पालथा करतो. नाटकात या वाहकाचं काम जरासंच आहे, पण ते आलं की प्रेक्षक सरसावून बसतात.

मावशी: बघ! तीनशे वर्षांपूर्वीच्या नाटकवाल्याला जे सुचलं ते तुला सुचू नये? हे पान पुस्तकात घेच. डोक्यावरून शेवया लोंबतायत असा तो मगरूर माणूस. पोरं गडाबडा लोळतील, आणि पोचवणाऱ्या माणसाला तोंड असतं हेही न सांगता कळेल.

मी: ते १९५८चं नाही गं.

मावशी: दुकानात जुनं चित्र टांगलेलं दाखव. गिऱ्हाईक म्हातारा असेल तर तो गोष्ट सांगेल. तुला काय अवघड आहे?

ते पान मी घेतलं. त्यामुळे एदोचा काळही पुस्तकात आला, तो आधी नव्हता. एदो हे एकट्या माणसांचं आणि कामकऱ्यांचं शहर, त्यामुळे बाहेरचं खाणं तिथे पहिल्यापासून चालत आलेलं. १८६०च्या सुमाराच्या एका नोंदीप्रमाणे शहरात ३,७६३ सोब्याची दुकानं होती, आणि रात्री खांद्यावर कावड घेऊन फिरणारे सोबावाले त्यात धरलेले नाहीत. एवढी दुकानं असल्यावर घरपोच देणं आलंच.

या पानावर दिशेची एक अडचण होती. जुनी जपानी चित्रं आणि उभ्या ओळींची पुस्तकं उजवीकडून डावीकडे उलगडतात, त्यामुळे माणसं डावीकडे धावतात. मराठी पुस्तक डावीकडून उजवीकडे उलटतं. मावशी म्हणाली, चित्र आरशातल्यासारखं उलटं कर, संगणकावर एका क्षणात होतं. पण किमोनोचा डावा पदर नेहमी उजव्या पदरावर येतो. तो उलटा झाला की ते प्रेताला नेसवल्यासारखं होतं. आणि सायकलचं चित्र उलटवलं तर पोरगा रस्त्याच्या उजव्या कडेनं जाताना दिसतो, जपानमध्ये मात्र आपल्यासारखीच डाव्या बाजूनं वाहतूक. त्यामुळे प्रत्येक चित्र नव्यानं काढायचं ठरलं. मावशीला हे आवडलं. ती म्हणाली, ज्याच्या कामाबद्दल लिहितेस त्याचे कपडे तरी त्याला नीट घाल.

मावशी: आता ही पेटी. या दोन पानांवर तू फारच रमलीयस.

मी: ओकामोची. तीच तर पुस्तकाचा जीव आहे. जुनी लाकडी, पुढे ॲल्युमिनियमची. वर धरायला मूठ, आत आडव्या फळ्यांचे कप्पे. आता हिचं पुढचं झाकण बघ. एक साधी सपाट फळी, तिला कडी नाही की बिजागरी नाही. पेटीच्या वरच्या बाजूला खोल खाच, खाली उथळ. फळी आधी वरच्या खाचेत जितकी जाईल तितकी वर सरकवायची. मग तिचं खालचं टोक आत घ्यायचं आणि फळी खाली सोडायची. खट्! स्वतःच्याच वजनानं ती खालच्या खाचेत बसून राहते. उघडताना थोडी वर उचलायची, खालचं टोक पुढे ओढायचं, फळी हातात. एक हात मुठीवर असला तरी दुसऱ्या हातानं हे होतं. मला या पानावर खरी कागदी फळी लावायची आहे, मुलांनी स्वतः वर सरकवून खाली सोडायची अशी.

मावशी: हे पान छान आहे.

मी: खरंच?

मावशी: अगं, मी वर्गात काय बघत आले? मुलांना ‘कष्टकऱ्यांना मान द्या’ असं सांगून काही होत नाही. मान हलवतात आणि विसरतात. पण सुतार आला, त्यानं बाकाची कुसळं रंध्यानं काढली, की चाळीस पोरं श्वास रोखून बघत उभी. दुसऱ्या दिवशी ‘काका, कुसळ निघालं का’ म्हणून त्याला विचारतात. काम बघितलं की माणूस आपोआप दिसतो.

मी: हेच तर मी मघापासून सांगते आहे!

मावशी: नाही, तू उतरंड दाखवतेस. उतरंडीत काम दिसत नाही, कसरत दिसते. ही फळी म्हणजे काम.

मला हे उत्तर तेव्हा आवडलं नाही, पण ते मनातून गेलं नाही. जपानी चित्रपुस्तकांत या बाबतीत मोठी परंपरा आहे. फुकुइन्कान प्रकाशनानं १९५६मध्ये ‘कोदोमो नो तोमो’ हे मासिक सुरू केलं, दर महिन्याला एक अख्खं चित्रपुस्तक. १९७६मध्ये त्यातूनच लहान मुलीनं एकटीनं जाऊन दूध आणायची गोष्ट आली, हायाशी आकिकोनं चित्रं काढलेली. त्यात मुलीच्या हातातली नाणी पडतात, दुकानात मोठी माणसं तिच्या डोक्यावरून बोलतात, तिचा आवाज फुटत नाही. साधं दूध आणणं, पण त्याची एकेक पायरी चित्रात दिसते. काको सातोशी (१९२६–२०१८) हा तर रसायन उद्योगात नोकरी करणारा अभियंता. कावासाकीच्या कामगार वस्तीतल्या मुलांना गोष्टी सांगता सांगता पुस्तकं करू लागला. त्याच्या कावळ्याच्या बेकरीच्या पुस्तकात (१९७३) नाना आकारांच्या पावांनी भरलेलं एक पान आहे. मुलं त्या पानावर बोट ठेवून तासन्‌तास बसतात. काको तपशिलाला कधी कंटाळला नाही आणि मुलं कंटाळतील असंही त्याला वाटलं नाही.

मावशी: बरं, हा पोरगा कधी पडत नाही का?

मी: पडत असणारच. पुढे शहरात मोटारी वाढल्या, १९६०मध्ये नवा रस्ता वाहतूक कायदा आला आणि खांद्यावर उतरंड घेऊन सायकल हाकणं मागे पडत गेलं. तोवर वेगळे उपाय निघाले होतेच. टोकियोतल्या एका सोबा दुकानदारानं मोटारसायकलच्या मागे लावायचं यंत्र काढलं. लोखंडी चौकटीला स्प्रिंगांवर टांगलेलं तबक. गाडी कलली, खड्ड्यात आदळली, तरी तबक पातळीत राहतं आणि वाडग्यातला रस सांडत नाही. आजही जुन्या दुकानांबाहेर अशा गाड्या दिसतात. आणि १९५८च्या ऑगस्टमध्ये होंडाची सुपर कब आली.

मावशी: ती काय?

मी: ४९ सीसीची छोटी गाडी. होंडा सोइचिरो आणि त्याचा भागीदार फुजिसावा ताकेओ यांनी ठरवलं होतं की सोबावाल्या पोऱ्याला ती एका हातानं चालवता आली पाहिजे, दुसऱ्या हातात तबक असणार. म्हणून डाव्या हाताला क्लचच ठेवला नाही. गिअर पायानं बदलायचे, क्लच आपोआप सुटतो. वळायच्या दिव्याचं बटणसुद्धा उजव्या अंगठ्याखाली. २०१७पर्यंत अशा दहा कोटी गाड्या बनल्या. जगात दुसऱ्या कुठल्याही मोटार वाहनाच्या एवढ्या बनलेल्या नाहीत. आणि हे सगळं एका सोबावाल्याचा डावा हात अडकलेला असतो म्हणून!

मावशी: गाडी बनवणाऱ्यानं त्याच्या हाताकडे बघितलं, हे मला पटलं. पण बघितलं ते गाडी खपावी म्हणूनही असेल.

मी: असेल. पण पोराचा हात तर मोकळा झाला.

मावशी: आणि त्या मोकळ्या हातात दुकानदारानं आणखी दोन वाडगे दिले असतील.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मावशीचं असंच असतं, एखादी गोष्ट चांगली म्हणते आणि लगेच तिची दुसरी बाजू पुढे करते. मुलांच्या पुस्तकात दोन्ही बाजू किती मावतात, हा माझा प्रश्न. तिला वाटतं, मुलांच्या पोटात आपण समजतो त्यापेक्षा जास्त मावतं.

मावशी: जिने दाखवलेस का?

मी: कसले जिने?

मावशी: तूच मला मागे सांगितलं होतंस, सरकारी चाळींसारख्या इमारतींबद्दल.

मी: दांची. हो. १९५५मध्ये जपानची गृहनिर्माण संस्था स्थापन झाली आणि शहरांच्या कडेला चार-पाच मजली इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या. स्वयंपाकघरात स्टीलचं सिंक, घरातच न्हाणीघर. तेव्हाच्या तरुण जोडप्यांना त्या घरांचं फार अप्रूप. पण बहुतेक इमारतींना लिफ्ट नव्हती.

मावशी: मग पाचव्या मजल्यावर सोबा कोण घेऊन जाणार? पेटी हातात, पायऱ्या चढायच्या, आणि शेवया तर मऊ पडत चाललेल्या. तिथे त्याला घाम येऊ दे. एका पानावर नुसता जिना काढ, वरपासून खालपर्यंत, आणि मध्ये हा पोरगा एवढासा. शब्द नकोत. आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे बाप आज हेच काम करतात. पाठीवर चौकोनी पिशवी, हातात मोबाइल, आणि सोसायटीत लिफ्ट असली तरी ती त्यांच्यासाठी नाही अशी पाटी. त्या मुलांना हे पान कळेल. तुझी उतरंड नाही कळली तरी चालेल.

मी: पण मग पुस्तकातला आनंद?

मावशी: आनंद आहेच की. दार उघडल्यावर पेटीची फळी सरकते, वाफ बाहेर येते, घरातलं पोर नाक पुढे करतं. पाच मजले चढून आलेली वाफ आहे ती. खाली दुकानात बसून खाल्लेल्या सोब्याला हा आनंद नाही.

मला वाटतं, या वाक्यानं पुस्तकाची घडण बदलली. तोवर मी देमाएची गोष्ट दुकानापासून दारापर्यंत अशी सरळ बघत होते.

गमतीच्या जागा आम्ही पटापट ठरवल्या. सोबा यायला उशीर झाला की गिऱ्हाईक फोन करतं आणि दुकानदार म्हणतो, ‘आत्ताच निघाला!’ पोरगा मात्र अजून वाडगे पेटीत रचतोय. जपानमध्ये ‘सोबावाल्याचं देमाए’ म्हणजे असली सबब, हे कुणालाही सांगावं लागत नाही. हे पान हसवेल. तशी ३१ डिसेंबरची रात्र: वर्ष सरताना सोबा खायची रीत असल्यानं दुकानाला त्या दिवशी श्वास घ्यायला फुरसत नसते. तीही एका पानात. तामाहिदेची हकिकत मात्र गाळावी लागली, आणि मावशीला त्याचं वाईट वाटलं. टोकियोच्या निंग्योचो भागातलं १७६०पासूनचं हे कोंबडीचं दुकान. १८९१मध्ये मालकाची बायको तोकु हिनं कोंबडी आणि अंडं भातावर घालून ओयाकोदोन हा पदार्थ केला. भातावर कालवण ओतून देणं दुकानाच्या इभ्रतीला शोभत नाही असं तेव्हा मानत, म्हणून तो दुकानात मिळतच नसे, फक्त घरपोच. मासळीबाजारातल्या आणि शेअर दलालांच्या पेढ्यांवरच्या, बसून जेवायला वेळ नसलेल्या माणसांनी तो उचलून धरला. मावशी म्हणाली, बाईची कल्पना, तिला दुकानात जागा नाही, आणि गावभर गेली ती पोऱ्याच्या खांद्यावरून. याचं वेगळं पुस्तक कर.

मग डबेवाल्यांचा विषय निघाला. तो निघणारच होता.

मावशी: आपल्या पोरांना डबेवाले असताना जपानी सोबावाला कशाला, असं कुणी विचारलं तर?

मी: काम उलट आहे म्हणून सांगेन. डबेवाला घरचं जेवण कामाच्या जागी नेतो, आणि हा दुकानातलं घरी आणतो. पण एक गोष्ट दोघांत सारखी आहे.

मावशी: दोघंही गावाकडून आलेले. आपले मावळ-मुळशी, जुन्नर-खेडकडचे, हे तिकडचे आओमोरीचे.

मी: ते आहेच. मी म्हणत होते, दोघांनाही परत जावं लागतं. रिकामा डबा संध्याकाळी घरी येतो. देमाएतही वाडगा दुकानाचा असतो. खाऊन झालं की गिऱ्हाईक तो धुऊन दाराबाहेर ठेवतं, आणि पोरगा नंतर येऊन घेऊन जातो. सुशीचं गोल लाखेचं भांडं असो, वामेचा लाखेचा डबा असो, तसंच.

मावशी: धुऊन ठेवतात?

मी: रीत तशी आहे. कुणी नुसता विसळतात, कुणी नीट धुऊन पुसून पालथा ठेवतात. दुकानात तो परत धुवायचाच असतो. पण खरकटा वाडगा दाराबाहेर ठेवणं बरं दिसत नाही.

मावशी गप्प बसली. मग म्हणाली, ‘हे तुझ्या आराखड्यात कितव्या पानावर आहे?’

ते शेवटून दुसऱ्या पानावर होतं, कोपऱ्यात, एका छोट्या चित्रात. पाच मजले चढून आलेल्या पोराला आत बसवत नाहीत, पाणी विचारत नाहीत, पैसे देऊन दार लावून घेतात. पण तो गेल्यावर त्याचा वाडगा कुणीतरी धुतं. त्या घरातलं माणूस आपल्या वाट्याचं काम तेव्हा करतं. देमाएची अर्धी गोष्ट दाराबाहेर, रिकाम्या वाडग्यापाशी घडते. ती आली नाही तर पुस्तकात वाहणारा एक आणि खाणारे बाकीचे एवढंच उरतं. हे मी मावशीला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली की हे तिलाच सांगायचं होतं, मी मध्ये मध्ये बोलत राहिले.

टोकियोत २०१६मध्ये उबर ईट्स आलं. देमाए हाच शब्द नावात असलेली ‘देमाए-कान’ ही कंपनी त्याच्याही आधीची, १९९९ची. आता बहुतेक जेवण एकदाच वापरायच्या डब्यांतून येतं. परत जायची गरज नाही, म्हणून पोचवणाऱ्याची एक फेरी वाचली, हे खरंच आहे. मावशीनं हे आवर्जून नोंदवायला सांगितलं, कारण जुनं ते सगळं सोनं असं पुस्तकानं म्हणू नये. पण डब्याबरोबर धुणारंही गेलं. दाराच्या दोन्ही बाजूंना काम होतं, ते आता एकाच बाजूला उरलं.

मावशी: आणि पाकिटावरचा तो हसरा पोऱ्या नको हं.

ती १९६८मध्ये आलेल्या निस्सिनच्या ‘देमाए इच्चो’ नूडल्सबद्दल बोलत होती. त्याच्या पाकिटावर हातात ओकामोची घेतलेला गुबगुबीत मुलगा आहे. हाँगकाँगमध्ये तर तो घराघरात पोचलाय. चित्र गोड आहे, मला आवडतं. पण तो नेहमी हसत असतो.

मी: आमचा हसेल, पण सगळ्या पानांवर नाही.

मावशी: आणि तो स्वतः कधी जेवतो?

मी: दुपारची गर्दी ओसरली की. तीनच्या सुमारास दुकान जरा शांत होतं, तेव्हा कामाची माणसं जेवतात.

मावशी: ते कुठे आहे?

मी: जागा नाही मावशी. बत्तीसच पानं. मुखपृष्ठाच्या आतली सोडली तर हातात त्याहूनही कमी. फळीचं पान, जिन्याचं पान, सुकेरोकुचं तू घालायला लावलंस ते, वाडगा धुण्याला आता दोन पानं...

मावशी: होंडा काढ.

मी: होंडा नाही काढणार. गाडीच्या डाव्या हाताला क्लच का नाही हे मुलांना कळलंच पाहिजे. हे दुसऱ्या कुठल्या मराठी पुस्तकात त्यांना मिळणार नाही.

मावशी: मग उतरंड काढ.

उतरंड हे पहिलं पान होतं. ती बघूनच मला हे पुस्तक सुचलं होतं आणि ती अजूनही मला फार सुंदर वाटते. शेवटी मी ती काढलेली नाही, अर्ध्या पानावर आणली आहे आणि पहिल्या पानावरून पाचव्या पानावर नेली आहे. त्याआधी मुलांना फळी आणि जिना भेटलेले असतील. उरलेल्या अर्ध्या पानावर दुपारी तीन वाजता तो पोरगा दुकानाच्या मागच्या बाजूला खाली बसून जेवतो आहे, समोर मालकीण उभी, आणि त्याच्या पहिल्याच संवादात तो तिच्याकडे आणखी भात मागतो. मावशीला हे अजून पुरेसं वाटत नाही. त्याच्या जेवणाला तिला पूर्ण पान हवं आहे.